मानाचा टॉवेल

खांद्यावर नवाकोरा टॉवेल टाकलेला माणूस दिसला की ती घटना अजूनही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. सोलापुरात राहायचे म्हणजे असा माणूस दिवसातून चार वेळा दिसणारच, त्यामुळे विसरायचे ठरवले असते तरी जमले नसते. निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. खून, दरोडे, दंगली सगळे पाहिले आणि त्यातले पुष्कळसे आता एकमेकांत मिसळून गेले आहे. हा गुन्हा मात्र साधा चोरीचा होता, ना रक्त ना शस्त्र, आणि नेमका तोच स्वच्छ आठवतो.

त्याला ताजे निमित्तही घडले. मध्यंतरी एका महाविद्यालयाच्या समाजशास्त्र विभागाने मला बोलावले होते. विषय होता, समाजात गुन्हे का घडतात. माझ्याआधी एका प्राध्यापकांनी फळ्यावर कारणे लिहिली. दारिद्र्य, बेकारी, वाईट संगत, मोडकी कुटुंबे, गावाकडून शहराकडे होणारे स्थलांतर आणि समाजाशी तुटलेले नाते. बोलले चांगले. आमच्या प्रशिक्षणातही हेच शिकवले होते आणि परीक्षेपुरते मी ते पाठही केले होते. शेवटी एक विद्यार्थिनी उठली आणि तिने विचारले की, सर, तुमच्या अनुभवात यांतले सगळ्यांत मोठे कारण कोणते? मी तिला म्हटले, बाळ, मी एक गुन्हा सांगतो, तूच तो फळ्यावर कुठे बसतो ते दाखव. तिथे वेळ कमी पडला. म्हणून आता सगळे लिहून काढतो. नावे कुणाचीच घेणार नाही. त्यातली काही माणसे अजून आहेत, आणि जी नाहीत त्यांची मुले-नातवंडे आहेत.

तेव्हा मी शहराबाहेरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो आणि चिंचोळी एमआयडीसीचा भाग आमच्या हद्दीत येत असे. ठाणे म्हणजे पत्र्याच्या छपराची बसकी इमारत, समोर एक कडुनिंब, आणि त्याखाली उभी असलेली जीप. ती जीप ढकलल्याशिवाय चालू होत नसे, त्यामुळे आमच्या शिपायांची प्रकृती चांगली राहिली होती. मोबाईल अजून साहेबलोकांच्याच खिशात होते आणि कारखान्यांच्या भिंतींवर कॅमेरे आले नव्हते. सकाळी हजेरी, मग ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर तक्रारदारांची रांग, आणि दुपारी मागच्या खोलीत डबे उघडले की कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा वास थेट माझ्या खुर्चीपर्यंत यायचा. ते दिवस आठवले की आजही भूक लागते. आता घरात दहा पदार्थ असतात, पण हवालदाराच्या डब्यातला तो कोर मोडून घेतलेला तुकडा काही मिळत नाही.

फिर्याद घेऊन आले ते एका टॉवेल कारखान्याचे मालक. भवानी पेठेतले जुने विणकर घराणे, घरी तेलुगू बोलणारे, आणि वडिलांच्या हातमागापासून इथवर आलेले. आपल्या मालाबद्दल बोलताना त्यांचा आवाज नातवाबद्दल बोलावे तसा मऊ व्हायचा. परदेशातल्या हॉटेलांसाठी त्यांनी एक खास टॉवेल काढला होता. पांढराशुभ्र, जाड, आणि एका कोपऱ्यात विणलेले ताडाचे हिरवे झाड. माल जहाजाने गेला आणि तिकडून तक्रार आली की गठ्ठ्यांमध्ये टॉवेल कमी भरले आहेत. एकदा नाव गेले की पुढची ऑर्डर गेली आणि ऑर्डर गेली की माग बंद, असे ते म्हणाले. नमुन्याचा एक टॉवेल त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. मी त्यावरून हात फिरवला. इतका मऊ टॉवेल आपल्याच गावात विणला जातो आणि आपण मात्र खरखरीत पंचाने अंग पुसतो, याचे मला जरा वाईटच वाटले.

मालकांचा संशय हमालांवर होता. ते ठेकेदाराचे लोक, बाहेरगावचे, आज इथे तर उद्या तिथे. त्यातला एकजण पूर्वी तांब्याची तार चोरून शिक्षा भोगून आलेला होता. आमच्या गुन्हे शोध पथकाची पोरे उत्साही. संध्याकाळच्या आत त्याला आणून बसवला. पोलीस खात्यात एक सोय असते. गुन्हा नवा असला तरी आरोपी जुनाच चालतो. मी त्याच्याशी स्वतः बोललो. माणूस निर्ढावलेला होता, पण त्याने एक गोष्ट विचारली ती माझ्या डोक्यात राहिली. "साहेब, म्या चोरला असता तर इकला असता की. बाजारात एक तरी घावला का तुमाला?"

खरेच घावला नव्हता. आम्ही मंगळवारच्या बाजारापासून हायवेवरच्या ढाब्यांपर्यंत सगळीकडे माणसे फिरवली होती. चोरीचा माल पाण्यासारखा असतो, उताराकडे जातोच. कुणी ना कुणी तो स्वस्तात घेतो आणि तिथून धागा लागतो. इथे एवढे टॉवेल गेले आणि एकही विकला गेला नाही. म्हणजे चोराला पैसा नकोच होता. मग त्याला हवे तरी काय होते, हे मला काही केल्या उमगेना. हमालाला मी सोडून दिले. पथकातल्या पोरांची तोंडे उतरली.

उत्तर ठाण्यात आपणहून आले, आणि तेही आमच्याच हवालदाराच्या खांद्यावर बसून.

हे हवालदार मूळचे सांगोल्याकडचे. घरी मेंढरे आणि कोरडवाहू जमीन. नात्यातल्या एका मुलाच्या लग्नासाठी ते रजेवर गेले होते, त्यामुळे फिर्याद काय आणि नमुना काय, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. रजा संपवून ते हजर झाले ते कपाळाला भंडारा आणि खांद्यावर नवा टॉवेल अशा थाटात. नेमके त्याच वेळी कारखान्याचे मालक तपास कुठवर आला ते विचारायला माझ्यासमोर बसले होते. हवालदारांनी मला सॅल्यूट केला, टॉवेलाने मानेचा घाम पुसला आणि मालकांचा चहाचा कप हातातच राहिला. टॉवेलाच्या कोपऱ्यात हिरवे ताडाचे झाड होते. मी नमुन्याचा टॉवेल शेजारी धरला आणि फिर्याद कशाची आहे ते हवालदारांना सांगितले.

त्या क्षणी हवालदारांचा चेहरा जो झाला तो मी नंतर अनेक वर्षे नक्कल करून दाखवत असे. चोवीस वर्षे नोकरी केलेला माणूस चोरीचा माल खांद्यावर टाकून ठाण्यात आला होता. लग्नात सगळ्यांनाच मिळाला, साहेब, एवढेच ते म्हणाले, आणि टॉवेल हळूच काढून टेबलावर ठेवला. पुढे पंचनाम्यात पहिली जप्ती त्यांचीच झाली. असला मऊ टॉवेल पुन्हा नशिबात नाही, असे म्हणत त्यांनी सही केली.

आपल्याकडचे लग्न ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मांडवात माईकवरून नाव पुकारले जाते. अमुक गावचे अमुक पाव्हणे, मानाचा आहेर घ्यायला पुढे यावे. मग टोपी, टॉवेल, नारळ. तो टॉवेल पाहुणा घडी घालून पिशवीत ठेवत नाही, खांद्यावर टाकून मिरवत गावात परततो. ज्याचे नाव राहिले तो जेवण न करता उठतो, आणि ते रुसणे पोराबाळांपर्यंत पुरते. कुणाला कधी आहेर चुकला होता हे लोकांना स्वतःच्या मुलांच्या जन्मसालापेक्षा चांगले लक्षात असते.

हवालदारांच्या नात्यातला मुलगा नवरदेव होता, म्हणजे आहेर केला तो मुलीच्या बापाने. तो कोण, हे मी विचारले आणि हवालदारांनी नाव सांगताच मालकांनी हातातला कप खाली ठेवला. मुलीचा बाप त्यांच्याच कारखान्यात होता. चेकिंग खात्यातला सगळ्यांत जुना माणूस. कारखान्यात त्यांना तात्या म्हणत, मीही तात्याच म्हणतो. मागावरून उतरलेला प्रत्येक टॉवेल त्यांच्या हाताखालून जायचा. तुटलेला धागा, तेलाचा ठिपका, वाकडी शिलाई काही असले की तो टॉवेल डागी म्हणून बाजूला पडायचा. तात्यांनी बाजूला टाकलेला माल मालकसुद्धा परत गठ्ठ्यात घालू शकत नसत. मालक मला म्हणाले, साहेब, कुणावरही संशय घ्या, पण ह्या माणसावर नको. मुलीच्या लग्नाची पत्रिका मात्र तात्यांनी कारखान्यात एकालाही दिली नव्हती. लग्न लांब आहे, घरच्या घरी आहे, असे सांगून वेळ मारून नेली होती, आणि सोबतचे लोक त्यावरून रुसले होते. पत्रिका का दिली नव्हती, हे आता कळले.

गेटवरच्या पहारेकऱ्याचा जबाब घेतला तेव्हा तो आधी नाही म्हणाला आणि मग ओशाळून हसला. तात्या सकाळी कामावर यायचे तेव्हा सडसडीत असायचे आणि घरी जाताना जरा पोट सुटलेले दिसायचे. वय झाले, माणूस सुटणारच, असे त्याला वाटले होते. झडती घ्यायचे त्याच्या मनातही आले नाही, कारण त्याची नोकरीही तात्यांच्याच शब्दाने लागली होती.

तात्यांना आम्ही शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या खोलीवरून बोलावून आणले. धोतर, पांढरा सदरा, कपाळाला भंडारा. वडील मेंढरे राखायचे, भाऊ अजून राखत होते, आणि हा एकटा तरुणपणी शहरात येऊन कापडाच्या धंद्यात लागला होता. पथकातल्या पोरांनी मला खूण केली की, साहेब, आमच्याकडे द्या. मी त्यांना बाहेर पाठवले. माझा अनुभव असा की सराईत माणसाला प्रश्न विचारावे लागतात, पण जन्मात पहिल्यांदा चुकलेल्या माणसासमोर नुसते बसून राहिले तरी पुरते. मी चहा मागवला आणि टेबलावरचा हवालदारांचा टॉवेल त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी आधी काय करावे? टॉवेल उचलला, कोपरा दोन बोटांत धरला, शिलाईवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरून पाहिला आणि मग घडी घालून पुन्हा ठेवला. हाताला असलेली सवय ती. घडी घालून झाल्यावर त्यांना आपण कुठे बसलो आहोत ते आठवले असावे.

"व्हय साहेब. माझाच हाय. समदं म्याच नेलं."

त्यांनी काही लपवले नाही. थंडीच्या दिवसांपासून ते मोजून झालेल्या थप्प्यांतून टॉवेल काढून पोटाला गुंडाळून नेत होते. मला एकच गोष्ट समजत नव्हती. कारखान्यात डागी मालाचा ढीग पडलेला असे. कामगारांना तो नाममात्र किमतीत मिळत असे, आणि त्यातून चार उचलले असते तर कुणी विचारलेही नसते. फिर्यादच झाली नसती. मी तसे म्हटल्यावर तात्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच काही गैर बोललो.

"मानाला डागी माल देत्यात व्हय, साहेब?"

जन्मभर डागी टॉवेल बाजूला टाकणारा तो माणूस. चोरी करतानाही त्याने एकेक टॉवेल तपासून घेतला होता.

पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, टिकते ती मालाची जप्ती. म्हणून माल कुठे आहे ते सांगा, असे मी म्हणालो. आणि इथे तो माणूस पहिल्यांदा मोडला. माल कुठे असणार? सगळा पाहुण्यांच्या खांद्यावर. सांगोल्याकडच्या त्या गावात घरोघरी. मुलगी लग्न होऊन तिथेच नांदायला गेली होती आणि पाचपरतावणाला, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाला, पुढच्या सोमवारी यायची होती. पोलिसांची जीप त्या गावात शिरली आणि सासरच्या भावकीच्या खांद्यावरून एकेक टॉवेल उतरवून घेऊ लागली, तर त्या मुलीचे काय होणार, हे मला कुणी सांगायला नको होते. ती माहेरी आली असती आणि कायमची आली असती.

तात्यांनी हात जोडले. "मला आत टाका. पायजे तितकी वर्सं टाका. पर पाव्हण्यांच्या खांद्यावरचं तेवढं काढू नका."

घरी जाऊन मी जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही. माल जप्त केला नाही तर मालकांवर अन्याय. त्यांची ऑर्डर गेली होती, मागावरची माणसे घरी बसण्याची वेळ आली होती. माल जप्त केला तर एका पोरीचा संसार मांडवाचे तोरण सुकायच्या आधी मोडणार. कायद्याला पहिले कळते, दुसरे कळत नाही. दुसऱ्या दिवशी तात्यांची कोठडी घेतली. रोज बातमीला येणारा वार्ताहर दारात उभा होता. त्याला दारूच्या भट्टीवरच्या एका छाप्याची रसाळ हकीकत सांगून वाटेला लावले. मग जीप ठाण्यातच ठेवली आणि साध्या कपड्यांत, हवालदारांना बरोबर घेऊन, एसटीने त्या गावाला गेलो.

मुलीचे सासरे म्हणजे गावात वजन असलेला माणूस. मोठा मेंढवाडा, पीळदार मिशा, खांद्यावर घोंगडे. आम्ही बाभळीखाली बसलो. हवालदार नात्यातले, त्यामुळे सुरुवात त्यांनी केली आणि उरलेले मी सांगितले. हा माणूस आता उसळणार, असे धरून मी चाललो होतो. एवढ्यात नवी सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. हातात हिरवा चुडा. तिने तांब्या ठेवला आणि तिची नजर हवालदारांच्या मोकळ्या खांद्यावर गेली. ती जागची हलेना. बापाचे रोज संध्याकाळी वाढणारे पोट शुक्रवार पेठेतल्या खोलीत तिने पाहिले नसेल थोडेच. वर्दी नव्हती अंगावर, तरी ती असावी असे वाटले, निदान तिच्याआड लपता आले असते.

सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे पाहिले आणि एकदा माझ्याकडे. मग तिला म्हणाले की, तू आत जा बाळ, काही नाही, देवाच्या कामाला आलेत. ती गेल्यावर ते काठीने माती उकरत बोलू लागले.

"सुपारी फुटली तवा त्यो म्हणला हुता, पाव्हणं, चार मानकऱ्यांस्नी टॉवेल करतो, बाकीच्यांस्नी नारळ. म्याच म्हणलो, आमच्यात चालत न्हाय. एकबी माणूस उघड्या खांद्यानं मागारी आला तर मला गावात त्वांड दावता यायचं न्हाय. मला वाटलं, टॉवेलाच्या कारखान्यात हाय की, त्याला काय कमी."

मी खूप जबाब लिहून घेतले आहेत, पण हा जबाब कुठे लिहावा हे मला कळले नाही. गुन्ह्याच्या कागदात त्याला जागाच नव्हती. तात्यांवरच्या दोषारोपपत्रात 'स्वतःच्या आर्थिक फायद्याकरिता' हे ठरलेले वाक्य होते आणि ते तसेच गेले.

जीप पाठवू नका, माल मी आणतो, असा शब्द त्यांनी दिला. आणि त्या सरळ माणसाने गावात चक्क थाप मारली. भावकीला जमवून सांगितले की लग्न निर्विघ्न पार पडले तर मानाची सगळी वस्त्रे देवाला वाहीन, असा नवस मी बोललो होतो आणि गडबडीत विसरलो. देवाचे नाव निघाल्यावर कोण मागे ठेवतो? दोन दिवसांत टॉवेल देवळात गोळा झाले. काहींवर हळद होती, काहींवर गुलाल, आणि एकाने तर अर्धा फाडून म्हशीची कास पुसायला घेतला होता, तोही त्याने भीतीने आणून दिला. देवाच्या मूर्तीवर तात्यांनी लग्नाआधीच एक पांघरला होता. तो आणू का, असे सासऱ्यांनी विचारले तेव्हा मी म्हणालो की राहू द्या, चोरीचा माल बाळगल्याबद्दल देवाला आरोपी करायचे कलम मला सापडत नाही.

घोंगड्यात बांधलेले ते गाठोडे घेऊन ते टेम्पोने ठाण्यात आले. पंचांसमोर माल मोजला, हजर केल्याचा पंचनामा झाला, अंगठा झाला. जाताना ते कोठडीच्या गजांसमोर थांबले. तात्या उठून उभे राहिले, पण मान वर होईना. शिपाई हातातले काम टाकून दारात येऊन उभे राहिले. सासरे शिव्या देतील असे माझ्या शिपायांना वाटले, खरे सांगायचे तर मलाही वाटले.

ते म्हणाले, "सून सोमवारी येतीया. पाचपरतावण चुकायचं न्हाय. तवर सुटून घरला या."

तात्या तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. माझे डोळे भरून आले हे मी तेव्हा कुणाला दाखवले नाही. आता दाखवायला हरकत नाही.

सोमवारच्या आत जामीन झाला. पुढे खटला चालला. मालकांनी कोर्टात सांगितले की माझा माल मला मिळाला, या माणसाबद्दल मला आता काही म्हणायचे नाही. हळदीचे डाग पडलेले ते टॉवेल त्यांच्या काहीच कामाचे नव्हते, तरी ते असे म्हणाले. पहिलाच गुन्हा, वय झालेले, म्हणून न्यायाधीशांनी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तात्यांना सोडले. नोकरी मात्र गेली ती गेलीच. नंतर ते शुक्रवार पेठेत एका चादरीच्या दुकानात घड्या घालायला बसू लागले. त्या बाजूला गेलो की मी मुद्दाम थांबत असे. आम्ही चहा प्यायचो आणि पावसापाण्याचे बोलायचो. गुन्ह्याचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

आता त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. दारिद्र्य म्हणावे, तर तात्यांची कायम नोकरी होती आणि चूल रोज पेटत होती. संगत म्हणावी, तर या माणसाने कधी तंबाखूलाही बोट लावले नव्हते. घर मोडके नव्हते. गाव सोडून ते शहरात आले होते खरे, पण गावाने त्यांना कधी सोडले नव्हते. फळ्यावर शेवटी लिहिले होते की समाजाशी नाते तुटले की माणूस गुन्ह्याकडे वळतो. माझ्या नोकरीत असे पुष्कळ पाहिले, ते खोटे नाही. पण तात्यांचे नाते तुटले नव्हते. ते इतके घट्ट होते की गळ्याला काचत होते. चार लोक काय म्हणतील, या भीतीने किती माणसे चोरी करायची थांबतात, हे आपण सांगतो. त्याच भीतीने किती माणसे चोरी करतात, हे सांगत नाही. त्या मांडवात टॉवेल घेणारा एकही माणूस दुष्ट नव्हता. कुणी तात्यांना चोरी कर म्हणाले नव्हते. प्रत्येकाने फक्त आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहिली होती.

त्या प्रकरणानंतर भावकी शहाणी झाली असेल, असे कुणाला वाटेल. मलाही वाटले होते. गेल्या उन्हाळ्यात तात्यांच्या मुलीने मला आग्रहाने बोलावले. तिच्याच मुलीचे लग्न होते. सासरे आता नाहीत. हवालदारही नाहीत. हायवेवरचे मंगल कार्यालय, मोठे पडदे, कानठळ्या बसवणारा बॅन्ड, आणि स्टेजच्या बाजूला टॉवेल-टोप्यांचे आणि सफारीच्या कापडांचे ढीग. आहेर कमी झाला नव्हता, वाढला होता. मुलगी आता पोक्त बाई झाली आहे. तिने मला पाया पडून नमस्कार केला आणि नेऊन बरोबर तात्यांच्या शेजारी बसवले. तात्या फार थकले आहेत, पण सदरा तसाच पांढरा आणि भंडारा तसाच ठसठशीत.

माईकवर नावे सुरू झाली. नवरीचे आजोबा म्हणून पहिल्यांदा तात्यांचेच नाव पुकारले गेले. ते उठले नाहीत. पुन्हा पुकारले, पुन्हा उठले नाहीत, नजर पायाच्या बोटांवर. लोकांना त्याची सवय असावी, कारण पुकारणारा पुढच्या नावाकडे वळला. त्या प्रकरणापासून या माणसाने खांद्यावर मानाचा टॉवेल घेतलेला नाही, हे त्यांच्या लेकीने मला नंतर सांगितले.

मग माझे नाव आले. मी बसूनच राहिलो. मनात म्हटले, आज आपलाही खांदा मोकळाच राहू दे, या माणसासाठी एवढे तरी करू. दुसऱ्यांदा नाव आले. लोक वळून पाहू लागले. तात्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जावा साहेब. न्हाय गेलं तर माणसं नाराज होत्यात."

आणि मी उठलो. स्टेजवर गेलो, टोपी घातली, नारळ घेतला, फोटो काढला. खांद्यावर टॉवेल घेऊन मी परत येऊन बसलो तेव्हा तात्यांनी त्याचा कोपरा दोन बोटांत धरला, शिलाईवरून अंगठा फिरवला आणि उजेडाकडे धरून पाहिला.

"शिलाई कच्ची हाय," ते म्हणाले, आणि घसरू नये म्हणून तो टॉवेल त्यांनी माझ्या खांद्यावर नीट बसवला.